खुर्ची आधी, मत नंतर

संपादक महोदय,

मंत्रिमंडळ विस्ताराची बातमी आली की मला मंद्रूपकडची एक आजी आठवते. साल 2003. सुशीलकुमार शिंदे खासदार असताना मुख्यमंत्री झाले. सहा महिन्यांत आमदार होणं भाग होतं, म्हणून दक्षिण सोलापुरात पोटनिवडणूक लागली. मी केंद्रावर शाई लावायला होतो. आजीने डावं बोट पुढे केलं आणि विचारलं, "गुरुजी, खुर्ची तर मिळाली की. आता आमचं मत कशाला?" शाई वाळली, मला उत्तर सुचलं नाही.

निवृत्तीनंतर वाचताना कळलं, की इंग्रजांकडे दोनशेहून अधिक वर्षं तसा कायदाच होता. खासदाराने मंत्रिपद घेतलं की त्याची जागा रिकामी. पुन्हा मतदारांच्या दारात जायचं. 1908 साली चर्चिल कॅबिनेट मंत्री झाले आणि मँचेस्टरच्या मतदारांनी त्यांना चक्क पाडलं! मग डंडीहून निवडून यावं लागलं.

वसाहतींतही हाच नियम. पण राजकारणी तिथलेही आपल्यासारखेच. 1858 मध्ये कॅनडात जॉर्ज ब्राउन यांनी सरकार बनवलं. शपथ घेताच त्यांच्या मंत्र्यांच्या जागा गेल्या, विश्वासाच्या मतदानाला ते सभागृहातच नव्हते. सरकार दोन दिवसांत कोसळलं. ब्राउन यांच्या आधीच्या सरकारातले मंत्री परतले. राजीनाम्यानंतर महिन्याच्या आत दुसरं खातं घेतलं तर निवडणूक नको, अशी पळवाट कायद्यात होती. त्यांनी भलत्याच खात्यांची शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या जुन्या खात्यांवर जाऊन बसले. न्यायालयानेही ते चालवून घेतलं.

ब्रिटनने 1926 मध्ये हा नियम पुरता काढून टाकला. सगळ्याच मंत्र्यांसाठी तो परत आणा, असं मी म्हणत नाही. पण एका चिन्हावर निवडून येऊन दुसऱ्या गोटात मंत्री होणाऱ्यांचं काय? 91 व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद नाकारलं आहे. मात्र आधी सभागृहाच्या अध्यक्षांनी त्याला अपात्र ठरवायला हवं, आणि तो निकाल लागेपर्यंत मंत्रिपदाची हौस फिटलेली असते. अशांनी शपथेआधीच राजीनामा देऊन मतदारांपुढे जावं.

खर्च होईल, मान्य. इलेक्शन ड्यूटीही लागेल. माझी सून शिक्षिका आहे. हे पत्र वाचून ती म्हणाली, "तुम्हाला काय, तुम्ही सुटलात!"

— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर