रिजेक्शन शून्य

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तर मोबाईलवरच टाईप करायला घेतलं होतं, पण तिथं मी दोन ओळी लिहिल्या की तू मधेच अंगठा दाखवतोस आणि विषय संपवून टाकतोस. म्हणून कागद घेतलाय. आता वाचावंच लागेल गा तुला.

तू दोन गोष्टी बोललास. एक, अहमदाबादच्या विमान अपघातात चूक पायलटची, हे शेंबडं पोर सांगेल, मग सरकार स्पष्ट का सांगत नाही? दुसरी, अजून काही वर्षांनी पायलट नावाचा माणूसच विमानात राहणार नाही आणि तेव्हाच विमान खरं सुरक्षित होईल. बेंगळुरात बसून दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला हे वाटणं साहजिक आहे. मी पडलो उद्यमबागेतल्या कारखान्यांत माल तपासणारा इन्स्पेक्शनवाला. मला दोन्ही पटत नाहीत.

‘विमानातलं तुला काय कळतंय’ असं म्हणशील. पण आपला जिल्हा यातून अगदीच बाहेर नाही. सांबऱ्याचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातला, ब्रिटिशांच्या हवाई दलानं केलेला. आजही तिथं हवाई दलात भरती झालेल्या पोरांचं ट्रेनिंग चालतं. हत्तरगीला एअरबस आणि बोइंगसाठी सुटे भाग बनतात. संकेश्वर, यमकनमर्डीकडची आयटीआय झालेली पोरं तिथं मशीनवर उभी राहतात, घरी ऊस आणि कामावर विमान. आमच्या गल्लीतला एक जण या लायनीत आहे. तो म्हणतो, काका, जॉबपेक्षा, म्हणजे मशीनवर बनवलेल्या भागापेक्षा, जॉबचे कागद जड. माल कुठल्या लॉटचा, कुठल्या मशीनवर झाला, कोणी तपासला, सगळं त्या जॉबबरोबर जातं. मला त्या पोराचा हेवा वाटतो, खरं सांगतो.

आधी अहमदाबादचं. १२ जून २०२५. विमानातले २४१ आणि खाली जमिनीवरचे १९ जण गेले. महिन्याभरानं प्राथमिक अहवाल आला, त्यात एवढंच आहे की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच ‘रन’वरून ‘कटऑफ’वर, म्हणजे चालूवरून बंदवर गेले, साधारण एका सेकंदाच्या अंतरानं. एक पायलट दुसऱ्याला विचारतो, बंद का केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. विचारणारा कोण आणि नाकारणारा कोण, हेही त्यात लिहिलेलं नाही. एवढ्यावर आमच्या चहाच्या गाड्यावर निकाल लागला सुद्धा. तूही लावलास. ज्यांच्यावर लावला ते उत्तर द्यायला नाहीत.

आणि सरकार का सांगत नाही म्हणतोस, तर विमान अपघाताची चौकशी त्यासाठी नसतेच की. जगभर या चौकशा ज्या आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतात, त्यांत स्वच्छ लिहिलंय की हेतू एकच, पुन्हा असं होऊ नये. दोष कुणाचा हे ठरवणं हा हेतू नाही. पोलीस, कोर्ट, नुकसानभरपाई हे सगळं वेगळं चालू दे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ही पळवाट वाटली होती. पण मग आमच्याच एका जुन्या वर्कशॉपमधली गोष्ट आठवली. शॉपचं नाव लिहीत नाही, तुला कळेल.

तिथं रात्रपाळीला खानापूरकडचा एक पोरगा होता. हायड्रॉलिकचे पिस्टन टर्न करायचा. एका रात्री टूलची धार गेली आणि काही जॉब अंडरसाईज, म्हणजे मापापेक्षा बारीक गेले, अगदी तीस-चाळीस मायक्रॉननं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्याला दिसणार नाही, हाताला लागणार नाही. पोरानं स्वतःच मायक्रोमीटर लावून बघितलं, ते जॉब बाजूला काढले, त्यांच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला आणि सकाळी माझ्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवले. वर एक चिठ्ठी, कुठल्या वेळेपासून बिघडलं ती. इन्स्पेक्शनवाल्याला याहून जास्त काय पाहिजे? मालकांनी काय केलं, तर त्याला सगळ्यांपुढं उभं करून झाडलं आणि मालाचे पैसे पगारातून कापले.

पुढच्या महिन्यात रात्रपाळीचं रिजेक्शन शून्य, म्हणजे बाद जॉब एकही नाही. मालक खूश, बोर्डावर खडूनं लिहून घेतलं. माझ्या पोटात गोळा आला. धार काय जायची थांबली होती होय? शेवटी भंगारवाला आला तेव्हा शेडच्या मागच्या ढिगाच्या तळाला चांगले चकचकीत जॉब निघाले. जे तिथं निघाले नाहीत ते कुठं गेले, हे तुला सांगायला नको. माल घेणाऱ्या पार्टीकडून फोन आला तेव्हा कळलं.

आता अमेरिकेत बघ. १९७६ पासून तिथं एक व्यवस्था आहे. पायलट, कंट्रोलर, मेकॅनिक, कुणाच्याही हातून काही चुकलं किंवा चुकता चुकता राहिलं, तर त्यानं लिहून पाठवायचं. पाठवायचं कुणाला, तर नासाला. लायसन्स काढून घेणाऱ्या खात्याला नाही, मालकाला तर नाहीच. तिथं नाव-गाव काढून टाकतात आणि उरलेली माहिती सगळ्यांना वाचायला देतात. दहा दिवसांच्या आत कळवलं आणि चूक मुद्दाम केलेली नसली तर दंडातून सूटही मिळते. गुन्हा किंवा खरा अपघात असेल तर मात्र सूट नाही. तो रात्रपाळीचा पोरगा तिथं असता तर त्याची चिठ्ठी फाईलला लागली असती. आपल्याकडं त्यानं नोकरी सोडली, आता गोव्यात कुठंतरी गाडी चालवतो म्हणे.

तू लगेच म्हणशील, म्हणजे कुणाचीच जबाबदारी नाही? तसं नाही रे. १९९० च्या जूनमध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालं होतं. सतरा हजार फुटांच्या वर गेल्यावर कॅप्टनच्या समोरची काच उडाली आणि हवेच्या झोतानं कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. आतल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, को-पायलटनं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळ्यांना वाटत होतं कॅप्टन गेला. तो जगला! पण मला त्या शूरपणापेक्षा बोल्टांचं जास्त नवल वाटतं. उड्डाणाच्या साधारण सत्तावीस तास आधी, रात्रपाळीत ती काच बदललेली. नव्वद बोल्ट. त्यातले चौऱ्याऐंशी ठरलेल्या मापापेक्षा बारीक, अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक. राहिलेले सहा जाडीला बरोबर पण लांबीला कमी.

बसवणारा कोण, तर त्या पाळीचा मॅनेजर स्वतः. कामचुकार नव्हे, माणसं कमी होती म्हणून स्वतः हात घालणारा. जुना बोल्ट घेऊन स्टोअरमध्ये गेला आणि नजरेनं जोड लावला. स्टोअरवाल्यानं सांगितलं, या काचेला दुसरा नंबर लागतो. यानं ऐकलं नाही. आता मला सांग, असली माणसं उद्यमबागेत गल्लीगल्लीत भेटतात की नाही? ‘पंचवीस वर्षं हेच करतोय, मला मापाचा व्हर्नियर दाखवू नको.’ आणि आपण त्यांनाच हुशार कारागीर म्हणतो, दिवाळीला बोनस देतो. त्याची चूक त्याचीच, त्यात शंका नाही; पुस्तक उघडून बोल्टाचा नंबर बघणं हे त्याचंच काम होतं. पण ती काच दुसऱ्या माणसानं तपासावी असा नियमच नव्हता. चौकशीत दोन्ही लिहिलं गेलं, म्हणून पुढच्यांना उपयोग झाला. त्याला एकट्याला हाकलून विषय मिटवला असता तर नियम तसाच राहिला असता.

आता तुझा दुसरा मुद्दा, माणूस काढून टाकायचा. बोइंग ७३७ मॅक्समध्ये एक सॉफ्टवेअर होतं, विमानाचं नाक जास्त वर जातंय असं वाटलं की आपणच ते खाली दाबायचं. वाऱ्याशी होणारा कोन मोजणारे सेन्सर विमानाला दोन, पण हे सॉफ्टवेअर एका वेळी एकाचंच ऐकायचं. तो एक चुकला की विमान पुन्हापुन्हा खाली. आधी पायलटांच्या मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता. ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात १८९ माणसं गेली आणि मार्च २०१९ ला इथिओपियात १५७. यात मूळ चूक कॉकपिटमधल्या माणसाची कुठं? एकाच सेन्सरवर भागेल, पायलटला सांगायची गरज नाही, असं म्हणणारी माणसं विमानापासून लांब, टेबलापाशी बसली होती. तुझ्यासारख्याच खुर्चीत रे. पायलट काढलास तरी माणूस निघत नाही, तो फक्त एसी खोलीत जाऊन बसतो आणि त्याचा जीव विमानात नसतो. हा फरक मला लहान वाटत नाही.

म्हणून यंत्र नको असं मी म्हणत नाही हां. १९९६ ला चरखी दादरीजवळ दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळून ३४९ जण गेले, त्यानंतरच आपल्याकडं टक्कर टाळायचं यंत्र सक्तीचं झालं. ते पाहिजेच. पण यंत्र ओरडलं तरी ऐकणारा लागतो. २०१० च्या मे महिन्यात मंगळूरला काय झालं? आपल्याच राज्यातलं, डोंगरावर सपाट करून केलेल्या धावपट्टीचं. विमान फार उंचावरून, चुकीच्या पद्धतीनं खाली येत होतं. कॅप्टन त्या प्रवासात बराच वेळ झोपलेला, नुकता उठलेला. यंत्र ‘पुल अप’, म्हणजे वर घे, म्हणत होतं, को-पायलट ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता परत वर जा, म्हणत होता. कॅप्टननं उतरवलंच. १५८ गेले, आठ वाचले.

त्या को-पायलटचं माझ्या डोक्यातून जात नाही. तो बोलला तरी! आपल्याकडं निम्मी पोरं तेवढंही बोलणार नाहीत. मोठ्यांना उलट बोलू नये हे तुझ्या-माझ्या घरी पण छडीनंच शिकवलं. मी आता नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, माझं माप चुकलं असं वाटलं तर माझ्या हातातनं गेज काढून घ्यायचं. अजून कुणी काढून घेतलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आकाशातलं सोड, रस्त्यावर ये. कारखान्यांचा सीझन सुरू झाला की निपाणी-चिकोडी रस्त्यानं रात्री येऊन बघ. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, पुढं गाणी फुल्ल आवाजात आणि मागं काळोख. शेवटच्या ट्रॉलीला दिवा म्हणजे उसात खोवलेला लाल फडक्याचा तुकडा, तो रात्री कुणाला दिसायचा? दरवर्षी सीझनच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर चिकटवायचा कार्यक्रम होतो, साहेबांचा फोटो येतो. चिखलानं रिफ्लेक्टर माखला की संपलं. तो ओल्या फडक्यानं पुसायचा कुणी? ड्रायव्हर म्हणतो ट्रॉली मालकाची, मालक म्हणतो वाहतूक ठेकेदाराची, ठेकेदार कारखान्याकडं बोट दाखवतो, आणि मागून मोटरसायकलवर येणारा मोबाईलमध्ये बघत असतो. सगळे मिळून एक माणूस मारतात आणि पेपरात येतं, भरधाव दुचाकीस्वार ठार. या अपघाताची कधी चौकशी होते? पंचनामा होतो फक्त.

प्रवाशाचीही जबाबदारी असते, हे मात्र तुझं बरोबर. जपानमध्ये २ जानेवारी २०२४ ला हानेदाला उतरताना विमान दुसऱ्या लहान विमानावर आदळून पेटलं. त्या लहान विमानातले पाच गेले, पण या मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले. कारण बहुतेकांनी डोक्यावरच्या बॅगांना हात लावला नाही. आपल्याकडं सांबऱ्याला चाक टेकायचा अवकाश, सगळे उभे राहून बॅगा ओढायला लागतात. आणि परत जातानाच्या विमानात प्रत्येकाकडं आपल्या बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा बॉक्स! खरं सांग, धूर दिसला तर तू कुंदा सोडून पळशील? मला तुझी खात्री नाही.

बाकी इकडं ठीक. काकूंना गेल्या आठवड्यात भेटलो, गुडघा सोडला तर खणखणीत आहेत. ‘बंड्या दिवाळीला विमानानं येतोय, भीती वाटते रे,’ म्हणत होत्या. मी म्हटलं, काकू, विमानाचं काही नाही, तो विमानतळावरून घरी येतो तेव्हा काळजी करा. तेवढी ती पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव, खाली सामानात चालत नाही. मागच्या वेळी चेकिंगला बॅग उघडायला लागली म्हणून तूच शिव्या घालत होतास. वहिनींना नमस्कार सांग, आणि तुझं मत बदललं नसेल तर ते लिहून पाठव, व्हॉइस मेसेज नको.

सांबऱ्याला न्यायला मी गाडी घेऊन येतो. मागं बसायला हेल्मेट तुझं तू आण. माझ्याकडं एक जादा आहे, पण ते तुझ्या डोक्यात बसत नाही.

तुझाच,
सुऱ्या