रिख्तरच्या सोफियातील वादनाविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. पाश्चात्त्य पियानोवादन ऐकायचे ठरवले तर सुरुवात कुठून करावी, असे तू विचारले आहेस, आणि तिकडच्या वादकांची तयारी म्हणजे निव्वळ वेग आणि जोर असावा, अशी शंकाही मोकळेपणाने लिहिली आहेस. त्या शंकेला उत्तर म्हणून मी तुला एकच ध्वनिमुद्रण सुचवतो. सोव्हिएत पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्तरने २५ फेब्रुवारी १९५८ रोजी बल्गेरियात, सोफिया येथे जो एकल वादनाचा कार्यक्रम केला, त्याचे हे ध्वनिमुद्रण आहे. मुसोर्गस्की, शूबर्ट, शोपाँ आणि लिस्ट, म्हणजे सगळे एकोणिसाव्या शतकातील रचनाकार, त्यात आहेत.

रिख्तर तेव्हा ४२ वर्षांचा होता. सोव्हिएत संघात त्याचे नाव दुमदुमत होते, पण पश्चिमेकडे जाऊन वाजवण्याची परवानगी त्याला मिळत नव्हती; अमेरिकेत तो पहिल्यांदा वाजवू शकला तो १९६० साली. त्याच्याआधी तिकडे जाऊन आलेल्या एमिल गिलेल्स या सोव्हिएत पियानोवादकाने, माझे कौतुक करता आहात खरे, पण अजून रिख्तर ऐकायचा आहे, अशा आशयाचे उद्गार काढून लोकांची उत्सुकता वाढवून ठेवली होती. अशा वेळी सोफियाची तबकडी पश्चिमेत पोहोचली आणि ऐकीव कीर्तीला पुरावा मिळाला.

ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाचे, आहे, पियानोचा आवाज काहीसा रुक्ष उतरला आहे, आणि ऐन थंडीतले श्रोते सतत खोकत आहेत. त्या खोकण्याला कंटाळून ऐकणे सोडू नकोस. खासगी मैफलींच्या जुन्या टेपा ऐकत तुझा कान घडला आहे. तिथे समेवरची दाद आपण गाण्याचाच भाग मानतो. तिकडे मात्र रचना पूर्ण होईपर्यंत श्रोत्याने चकार शब्द काढायचा नसतो, त्यामुळे समोर भरलेले सभागृह आहे हे केवळ या खोकण्यावरून कळते. वादकाला पुन्हा एकदा वाजवण्याची सोय नाही, हेही त्यातूनच जाणवते. काही ठिकाणी त्याच्या हातून चुकीचे स्वर गेले आहेत. मला त्यांचा जराही त्रास होत नाही, कारण चूक टाळण्यासाठी त्याने कुठेही हात आखडता घेतलेला नाही.

तबकडीचा मोठा भाग मुसोर्गस्कीच्या ‘प्रदर्शनातील चित्रे’ या रचनेने व्यापला आहे. व्हिक्टर हार्टमान हा त्याचा वास्तुविशारद मित्र १८७३ मध्ये, चाळिशीही न गाठता, वारला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या चित्रांचे आणि आराखड्यांचे प्रदर्शन भरले आणि त्यातून ही रचना झाली. त्यात दहा चित्रे आहेत, आणि चित्रांच्या मधून फिरणाऱ्या प्रेक्षकाची चाल अधूनमधून येते. आरंभी ही चाल पाच आणि सहा मात्रांच्या आलटून पालटून येणाऱ्या खंडांत बांधलेली आहे. पुष्कळ वादक तिला मिरवणुकीचा थाट देतात. रिख्तर ती झपझप आणि साधेपणाने वाजवतो, जणू त्याला भिंतीवरची चित्रे बघायची आहेत, स्वतःला दाखवायचे नाही. ‘जुना किल्ला’ या चित्रात खालच्या बाजूला एकच स्वर अखेरपर्यंत धरलेला आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या तुझ्या कानाला तिथे आपोआप बैठक मिळेल. पुढे लिमोज या फ्रेंच शहराच्या बाजारातला गलबला क्षणाचीही उसंत न देता पॅरिसच्या भुयारी दफनभूमीत कोसळतो, तिथे मी अजूनही दचकतो. या रचनेचे फ्रेंच रचनाकार राव्हेलने १९२२ मध्ये केलेले वाद्यवृंदासाठीचे रूप जगभर अधिक वाजते, पण हे वादन ऐकताना मला वाद्यवृंदाची उणीव मुळीच भासत नाही. रिख्तरने तरुणपणी ओडेसाच्या ऑपेरागृहात तालमींच्या वेळी साऱ्या वाद्यवृंदाची बाजू एकट्या पियानोवर सांभाळली होती, ती कमाई इथे कामी आली असावी.

यानंतर शूबर्ट येतो, आणि तिथे तू घाई करू नयेस अशी माझी इच्छा आहे. ‘इम्प्रॉम्प्टू’ नावाच्या त्याच्या रचनांपैकी दोन रिख्तरने पाठोपाठ वाजवल्या आहेत. पहिली शुद्ध गंधाराच्या, उजळ स्वरमेळात धावत निघते आणि कोमल गंधाराच्या काळोखात संपते. दुसरी नेमकी उलट, कोमल गंधारातून सुरू होऊन शुद्ध गंधारात स्थिरावते. रिख्तर या बदलांवर बोट ठेवून दाखवत नाही. ओघ तसाच वाहत राहतो, आणि रंग पालटला हे आपल्याला किंचित उशिरा उमगते. शोपाँच्या ई मेजर या स्वरमेळातल्या एट्यूडमध्ये (एट्यूड म्हणजे वादनातले एखादे कौशल्य घोटून घेणारी रचना) उजव्या हाताची वरची बोटे गाणे गातात आणि त्याच हाताची उरलेली बोटे साथ करतात, एवढे लक्षात ठेवून ते ऐक; त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आता तुझ्या शंकेकडे येतो. पेटीवर आवाजाचा लहानमोठेपणा भात्याच्या हाती असतो, बोटे फक्त स्वर निवडतात. पियानोवर भाता नाही. पट्टी ज्या वेगाने खाली जाईल त्या वेगाने हातोडी तारेवर आदळते, आणि त्या आघातावरच आवाजाचा जोर ठरतो. पट्टी फारच हळू दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोहोचतच नाही आणि स्वर उमटत नाही. म्हणून द्रुत लयीत मोठ्याने वाजवणे त्यामानाने सोपे, आणि द्रुत लयीत अगदी हलक्या आवाजात, एकही स्वर न गिळता वाजवणे महाकठीण. लिस्टने १८५२ मध्ये अंतिम रूप दिलेल्या बारा एट्यूडांपैकी पाचवी, ‘फ फोले’, नेमकी याच कसोटीची आहे. दलदलीवर रात्री लुकलुकणारे, जवळ जावे तर दूर पळणारे दिवे हा तिचा विषय. उजव्या हाताला दोन-दोन स्वरांच्या जोड्या एकामागून एक वाजवायच्या असतात, त्या जोड्यांमधले अंतर सारखे बदलत राहते, आणि डावा हात मधूनच उड्या घेतो. रिख्तर हे सारे विलक्षण वेगात आणि कुजबुजीइतक्या हळू आवाजात वाजवतो, तरी प्रत्येक जोडी सुटी आणि स्वच्छ ऐकू येते. विजेसारखी तान कुणी दबक्या आवाजात, दाणेदारपणा न गमावता घ्यावी, तेव्हा तू जशी मान हलवतोस, तशी इथेही हलवशील याविषयी मला शंका नाही. मी ज्याला तयारी म्हणतो ती ही. बारा एट्यूडांपैकी अकरावी, सायंकाळच्या स्वरमेळांची, हीदेखील इथे आहे. तिच्यात रिख्तरने पियानोचा पूर्ण जोर वापरला आहे, पण तो कमावून, एकेक पायरी चढत.

ध्वनिमुद्रणाची प्रत तुझ्या पत्त्यावर वेगळी पाठवत आहे. पहिल्या बैठकीत लिस्ट आणि शूबर्ट ऐक, मुसोर्गस्की दुसऱ्या दिवशी सलग ऐक. दोन इम्प्रॉम्प्टूंपैकी दुसरीच्या मधल्या भागात रिख्तर लय किती ढिली सोडतो आणि ती कुठे पुन्हा आवळतो, याबद्दल तालाचा पक्का माणूस म्हणून तुझे मत मला सविस्तर हवे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र