पहिला सूर किती वाजता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सामुदायिक कलाकेंद्रांमधल्या येत्या मैफलींची यादी छापून येते तेव्हा त्यात कलाकाराचे नाव, जागा आणि एकच वेळ असते : 'सायंकाळी ६'. ही वेळ दार उघडण्याची, भाषणांची की पहिल्या सुराची, हे वाचकाला कळत नाही. केंद्राच्या कार्यकर्त्यांचेही यावर एकमत नसते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सहाला दार उघडायचे असेल तर साउंड चेक साडेपाचला संपलेला हवा. सहाला पहिला सूर लागायचा असेल तर पाचलाच. ही वेळ आधी ठरलेली नसली की श्रोते खुर्च्यांवर आणि मंचावर 'हॅलो, चेक, चेक' असे दृश्य दिसते. चारपाच कलाकारांच्या संचासाठी वायरी आणि माईक मांडायला तास, साउंड चेकला पाऊण तास धरावा. त्याहून कमी वेळेत जमते असे सांगणारे लोक मांडणी आणि तपासणी एकदमच करत असतात.

घाईचा पहिला फटका बसतो तो सुरांना. थंडगार ग्रीनरूममध्ये लावलेली वाद्ये दिव्यांच्या उष्णतेत आणली की तारा प्रसरण पावतात, ताण कमी होतो आणि स्वर उतरतो. बासरीचे उलट असते. हवा तापली की ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे बासरी चढते. म्हणजे सतार खाली आणि बासरी वर, आणि दोघांचे ग्रीनरूममध्ये तर अगदी जुळलेले! यावर उपाय एकच : कार्यक्रमात असतील तेच दिवे आणि तीच वातानुकूलन यंत्रणा चालू ठेवून वाद्ये निदान पाऊण तास मंचावर ठेवावीत आणि मगच लावावीत.

तबल्याची पुडी चामड्याची. दमट हवेत ती सैल पडते, कोरड्या वातानुकूलित हवेत आवळते. मोठा फरक असेल तर गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकावेत, बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) काढावा. सोळाही घरे (पुडीच्या कडेचे भाग) एका स्वरात बोलली पाहिजेत. हे सगळे करताना सभागृहात शांतता लागते, म्हणून त्याच वेळी स्पीकरवर चाचणीची गाणी लावू नयेत. संवादिनी मात्र जागच्या जागी लावता येत नाही. ती असेल तर बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचे आणि सुरुवात तिच्यापासून करायची. गायकाची पट्टी आठवडाभर आधी विचारून तबलजीला कळवावी. काळी एकचा तबला ऐनवेळी काळी चारपर्यंत ओढला तर नाद कोंडतो, कधी पुडीही फाटते.

आता शिट्टीबद्दल. माईक ओरडला की सगळे ध्वनिसंयोजकाकडे वळून बघतात. पण दोष बहुधा माईकांच्या संख्येत आणि अंतरात असतो. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. म्हणून निवेदकाचा माईक गाणे सुरू होताच बंद हवा. याउलट गायकाने माईक ३० सेंटिमीटरऐवजी १५ सेंटिमीटरवर घेतला की जवळजवळ ६ डेसिबल फुकट मिळतात. मॉनिटर, म्हणजे कलाकाराला त्याचाच आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर, कुठे ठेवायचा हे माईकच्या जातीवर, म्हणजे तो कोणत्या दिशेचा आवाज घेतो यावर ठरते. कार्डिऑइड माईक थेट मागून सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीशी हवा. सुपरकार्डिऑइड मात्र मागून थोडे ऐकतो. त्याचा बहिरा कोन समोरपासून सुमारे १२६ अंशांवर असतो, म्हणून मॉनिटर पाठीमागे पण तिरका ठेवावा. माईकची जाळी मुठीत धरली की हे सगळे गणित कोसळते. शिट्टी थांबवायला जाळी झाकणारे पुष्कळ असतात, त्याने ती वाढतेच.

मोबाइलवरचा तानपुरा मिक्सरला जोडताना फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर आलापात रिंगटोन वाजते. चार्जर जोडलेला असेल तर गुणगुण येते. चार्जर काढावा, किंवा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरमधली ग्राउंडची जोडणी तोडणारे बटण) असलेला डीआय बॉक्स (वाद्य किंवा फोन मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) मध्ये घालावा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मोडणे हा प्राणघातक उद्योग आहे, तो कुणालाही करू देऊ नये.

सगळ्यात फसवे असते ते रिकामे सभागृह. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी १८९५ मध्ये फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहातला घुमारा तपासायला घेतला. शेजारच्या थिएटरातल्या आसनांच्या गाद्या आणून, ऑर्गनची नळी वाजवून, आवाज विरायला किती वेळ लागतो ते त्यांनी रात्री मोजले. गाद्या वाढल्या की घुमारा कमी. माणसेही गाद्यांसारखीच आवाज पितात, विशेषतः मधले आणि वरचे स्वर. म्हणून रिकाम्या सभागृहात आवाज टोकदार लागला तरी वरचे स्वर सढळ हाताने कापू नयेत. श्रोते बसले की तोच आवाज बोथट होतो. पातळ गालिचा अंथरून प्रश्न सुटतो हाही गैरसमज. तो वरचे स्वर तेवढे शोषतो, डग्ग्याची आणि बासची घुमघुम तशीच राहते. मागच्या भिंतीवर जाड, चुण्यांचा पडदा भिंतीपासून वीतभर पुढे टांगला तर मधल्या स्वरांपर्यंत फरक पडतो. घुमघुमीसाठी सोपा मार्ग म्हणजे डग्गा आणि बास सोडून बाकी माईकांना लो कट (खालचे स्वर कापणारी सोय) लावणे.

आपल्या यादीत प्रत्येक कार्यक्रमापुढे चार गोष्टी छापाव्यात अशी विनंती आहे : दार केव्हा उघडेल, पहिला सूर केव्हा लागेल, मध्यंतर आहे का, आणि उशिरा येणाऱ्यांना आत केव्हा सोडतील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'एक रचना संपल्यावर' असे असावे, कारण आलाप चालू असताना उघडलेले दार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येते. कार्यक्रम ध्वनिवर्धकाशिवाय असेल तर तेही लिहावे, म्हणजे ज्यांना कमी ऐकू येते ते पुढची जागा धरतील. ही माहिती देणे बंधनकारक केले की केंद्रालाही वेळापत्रक आधी ठरवावे लागेल. यादीत जागा अपुरी असते हे मान्य. मग प्रमुख पाहुण्यांची नावे गाळावीत.

आपले,
काही ध्वनिसंयोजक