नाव सांगण्यापूर्वी

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना उलटला. शनिवारच्या आमच्या बैठकीत हल्ली काय चालते, असे तू विचारले होतेस. पाच पोक्त माणसे एकमेकांना चकवायला जमतात, हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. यजमान आमच्याकडे पाठ करून ध्वनिमुद्रण लावतात, वेष्टन कोणाच्या दृष्टीस पडू देत नाहीत, आणि वाजवणारा कोण हे उरलेल्या चौघांनी चिठ्ठीवर लिहायचे. गेले चार महिने रचनाही एकच आहे: जर्मन संगीतकार बाखच्या डी मायनर पार्टिटामधील (नृत्यरचनांच्या मालिकेतील) शाकोन. १७२० च्या हस्तलिखितातली ही रचना एकट्या व्हायोलिनसाठी आहे. साथीला कोणी नसल्यामुळे वादकाला लपायला जागाच उरत नाही.

पहिल्याच सुरावटीत पुष्कळ काही कळून चुकते. व्हायोलिनची घोडी कमानदार असल्यामुळे चारही तारा एकाच वेळी नीट छेडता येत नाहीत, म्हणून सुरुवातीच्या भरगच्च स्वरसमूहाची फोड प्रत्येकाला करावीच लागते. कोणी खालचे दोन स्वर आधी घेऊन मग वरचे दोन घेतो, कोणी खालच्या स्वरांना गजाचा नुसता झटका देऊन वरच्यावर ठाण मांडतो. हायफेट्झ त्याच्या वेगामुळे आणि स्वरातल्या धगीमुळे आम्हांला लवकर सापडतो. मिल्श्टाइन आणि ग्र्युमियो यांच्यात मात्र मी दोनदा घसरलो. आपले व्हायोलिनवादक जोग आणि दातार ओळखताना तुला किंवा मला कधी असा घाम फुटला नव्हता, कारण एकाचा गज लयीशी खेळायचा आणि दुसऱ्याचा गळ्याच्या मागे जायचा. इथे मात्र सगळ्यांच्या पुढ्यात तेच लिहिलेले स्वर असतात, आणि फरक असतो तो केसाएवढा.

आमच्यातल्या पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांनी एक युक्ती काढली आहे, तिची मला अजून असूया वाटते. पहिला स्वरसमूह ऐकताच ते शेजारच्या पेटीवर पांढरी दोन, म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘डी’, दाबून पाहतात. षड्ज जुळला तर वादक आजच्या पट्टीतला. तो जुळण्याऐवजी काळी एकशी जुळला, तर ते चिठ्ठीवर लगेच ‘जुन्या धाटणीचे वाद्य, आतड्याच्या तारा’ असे लिहून मोकळे होतात. बाखच्या काळची वाद्ये वापरणारी मंडळी ‘ए’ हा स्वर ४४० ऐवजी ४१५ कंपनांवर लावतात, म्हणजे सगळे वादन सुमारे अर्धा स्वर खाली उतरते. आमच्या या पेटीवाल्या शास्त्रीबुवांच्या पेटीने बाखची गादी अशी ओळखावी, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. फार जुन्या तबकड्यांवर मात्र ही युक्ती फसते, कारण त्या काळी फिरण्याचा वेग एकसारखा नसे. त्या तबकड्यांत दुसरेच चोरदरवाजे असतात. स्पॅनिश व्हायोलिनवादक सारासातेने १९०४ साली स्वतःची ‘त्सिगॉयनरवायझन’ ही रचना मुद्रित केली, तीत मध्येच त्याचा बोललेला आवाज ऐकू येतो. अशी तबकडी खेळात ठेवण्यात काय अर्थ?

आता माझ्या फजितीविषयी. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी जे वादन लागले, ते ऐकून मी चिठ्ठीवर नाव तर लिहिलेच, शिवाय कोणी विचारले नसताना व्याख्यानही दिले: हा माणूस साठीच्या पुढचा असला पाहिजे, याने माणसे गमावलेली आहेत, हा गज काही मिळवायला निघालेला नाही, वगैरे वगैरे. यजमानांनी शांतपणे वेष्टन पुढे केले. तो व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन होता. १९३४ ते १९३६ या काळात त्याने बाखच्या एकल रचनांची जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांतले ते होते. म्हणजे पोराची विशी जेमतेम होत आली होती. मंडळी पोट धरून हसली, ते ठीकच झाले. मला डाचले ते पुढचे. तेच वादन पुन्हा लावले तेव्हा आम्हां पाचही जणांना त्यात तारुण्य ऐकू येऊ लागले, आणि मघाचे माझे दुःख कोठे गेले ते मलाही सापडेना. ध्वनिमुद्रणात तर काडीचाही बदल झाला नव्हता.

तेव्हापासून मला व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइस्लरची गोष्ट सारखी आठवते. तुला ती ठाऊक असेल, तरी लिहितो. आपल्या मैफलीत पुन्यानी, कुपरँ, मार्टिनी अशा जुन्या संगीतकारांच्या रचना म्हणून तो जे वाजवत असे, त्यांतले पुष्कळसे त्याने स्वतःच रचलेले होते. दक्षिण फ्रान्समधल्या एका मठात जुनी हस्तलिखिते सापडली, अशी बतावणीही त्याने केली होती. कार्यक्रमपत्रिकेवर पुन्हा पुन्हा आपलेच नाव छापणे बरे दिसत नाही, हे त्याचे कारण. एकदा त्याने लान्नर या जुन्या व्हिएन्नाच्या संगीतकाराच्या म्हणून सांगितलेल्या वॉल्ट्झच्या जोडीला आपला ‘काप्रीस व्हिएनवा’ वाजवला, तेव्हा एका टीकाकाराने लान्नरच्या पंक्तीला स्वतःला बसवल्याबद्दल त्याची खरडपट्टी काढली, आणि लान्नरचे म्हणवले गेलेले ते वॉल्ट्झही आपलेच असल्याचे त्याला सांगून टाकावे लागले. बाकीचे बिंग १९३५ साली फुटले. न्यूयॉर्क टाइम्सचे संगीतसमीक्षक ओलिन डाउन्स मेन्यूहिनबरोबरच्या एका सप्रयोग व्याख्यानासाठी पुन्यानीची मूळ प्रत शोधत होते. ती काही केल्या मिळेना, म्हणून त्यांनी क्राइस्लरलाच विचारले, आणि त्याने आढेवेढे न घेता कबूल केले. काही टीकाकार फार चिडले. मला वाटते, आपण फसलो यापेक्षा आपल्याला ती रचना आवडली होती, याचाच त्यांना अधिक राग आला असावा.

वाद्यांच्या बाबतीतही हेच. १९७७ साली बीबीसीने पडद्याआडून चार व्हायोलिने वाजवून घेतली. त्यांत एक स्ट्राडिव्हारी आणि एक ग्वार्नेरी या जुन्या नामांकित इटालियन कारागिरांचे, आणि एक अगदी १९७७ च्याच सुमारास घडवलेले होते. ऐकायला व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न व पिंकस झुकरमन आणि व्हायोलिनांचे जाणकार व्यापारी चार्ल्स बेअर असे तिघे बसले होते, आणि चारांपैकी दोनांहून अधिक कोणालाच ओळखता आली नाहीत. पुढे अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला तर वादकांनाच काळे चष्मे घालून जुनी आणि नवी व्हायोलिने हाती दिली. जुन्या लाकडाचा वास लागू नये म्हणून हनुवटीच्या टेकूखाली अत्तराचे बोट लावले होते. ही अत्तराची युक्ती मी यजमानांना मुद्दाम सांगितली.

आम्ही आता नियम बदलला आहे. चिठ्ठीवर नाव नंतर. आधी जे ऐकले ते लिहायचे, गज कोठे जड झाला, कोणता स्वर सरकत गाठला, कोठे श्वास घेतला, आणि वय, दुःख, देश असले शब्द वर्ज्य. कागद पूर्वीपेक्षा फार कोरे राहू लागले आहेत. माझा सर्वांत कोरा.

गेल्या शनिवारी यजमानांनी एक ध्वनिमुद्रण मला घरी दिले आणि वादकाचे नाव बंद पाकिटात घातले. मी ते आठ दिवसांत नऊ वेळा ऐकले आहे. मधल्या मेजर भागात जिथे एकच स्वर तीन-तीनदा येतो, तिथे हा वादक प्रत्येक वेळी गज थोडा तारेच्या आत दाबतो, एवढे मला नक्की सांगता येते. पाकीट कपाटात आहे. नाताळच्या सुटीत तू येणार असलास, तर तोवर फोडत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही