मदतीला धावणाऱ्यांनाही शिकवावं लागतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी भाची केनियात एका मदत संस्थेत काम करते, उत्तरेकडे काकुमाला निर्वासितांची मोठी छावणी आहे तिकडे तिचं जाणं-येणं असतं. मध्यंतरी नैरोबीत त्यांच्या सगळ्या स्टाफसाठी अपंगत्वाबद्दल वर्कशॉप झालं. गणपतीला घरी आली तेव्हा ती त्याबद्दल इतकं भरभरून सांगत होती, आणि ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे सारखं आपलं चिपळूण येत होतं, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

शिकवणारी बाई स्वतः व्हीलचेअरवर, तिच्या जोडीला एक अंध गृहस्थ. तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं की डोळ्यांना पट्टी बांधून चालून बघायचा खेळ इथे होणार नाही. आपल्याकडे ३ डिसेंबरच्या अपंग दिनाला हा खेळ हमखास घेतात, पण मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पट्टी बांधली की नुसती भीती वाटते आणि सोडली की कीव येते, पण वर्षानुवर्षं न बघता स्वयंपाक करणारा, बाजारहाट करणारा माणूस ते कसं जमवतो हे त्यातून काडीचंही कळत नाही.

मग शिकवलं काय, तर हात लावायच्या आधी विचारायचं. अंध माणसाला दंडाला धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, तो ते धरून अर्धं पाऊल मागून चालतो, आणि पायरी आली की वर आहे की खाली तेवढं सांगायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी बोलताना आपल्या तोंडावर उजेड हवा, सोबत दुभाषी असला तरी बघायचं त्या माणसाकडे. आणि माणसाला हलवलं की त्याची काठी, खुर्ची, कानाचं मशीन त्याच्याबरोबरच गेलं पाहिजे.

हे शेवटचं ऐकलं आणि मला २२ जुलै २०२१ आठवला. वाशिष्ठी नदीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा आमच्या आळीतल्या एका काकांना, त्यांचा एक पाय पोलिओने गेलेला, मंडळाच्या पोरांनी गळ्याएवढ्या पाण्यातून पाठुंगळीला मारून बाहेर काढलं. त्या पोरांचे उपकार आळी विसरणार नाही. पण पायाला बांधायचा आधार म्हणजे कॅलिपर आणि कुबड्या मागे राहिल्या त्या चिखलातच गेल्या, आणि पुढे कित्येक दिवस ते काका नातेवाइकांकडे पडवीत एका जागी बसून, संडासला जायचं तरी कुणाला तरी हाक मारायची. एरवी हा माणूस स्वतःचं दुकान चालवायचा हो! पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं तर त्यांना तरी कसं सुचणार?

मदतीचे ट्रक आले तेव्हाही तेच, गाडी मेन रोडला थांबणार, स्पीकरवरून पुकारणार आणि मग रांग. ज्याला ऐकूच येत नाही त्याला कळणार कसं, आणि वरच्या वाडीतून पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या उतरून गुडघे धरलेली आजी येणार कशी? भाची म्हणते तिकडे छावणीत वाळूत व्हीलचेअरची चाकं रुततात, आपल्याकडे वाळू नाही तर चिखल आणि पायऱ्या.

अजून एक चांगली गोष्ट तिने सांगितली. घरात कोणी अपंग आहे का असं विचारलं की लोक नाही म्हणून मोकळे होतात, म्हणून त्यांच्या संस्थेत सहा साधे प्रश्न विचारतात, की चष्मा लावूनही दिसायला, मशीन लावूनही ऐकायला, चालायला-चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला, बोललेलं समजायला-समजवायला त्रास होतो का, आणि किती होतो. आपल्या गावांत तर तरणीताठी माणसं मुंबईला आणि घरात म्हातारी, हे प्रश्न विचारले तर यादी केवढी होईल बघा.

आणि ही यादी म्हणजे कुणावर उपकार नाहीत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचेल अशी सोय करायची. निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं, मग महापूर, एवढं सगळं बघितलेल्या किनाऱ्यावर तरी हे कागदावर राहू नये असं मनापासून वाटतं.

म्हणून तहसील, नगरपरिषदा, ग्रामपंचायती आणि सगळ्या मंडळांना हात जोडून विनंती आहे, येत्या मे महिन्यात मान्सूनपूर्व तयारीची बैठक होईल तेव्हा आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी तयार केलेले सरकारी स्वयंसेवक) आणि मंडळाच्या पोरांसाठी एक दिवस या विषयाला द्या. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ नकोत, तालुक्यातलीच अंध, कर्णबधिर, कुबड्या-व्हीलचेअर वापरणारी माणसं बोलवा आणि त्यांना इतर वक्त्यांसारखंच मानधन द्या. आणि बैठक कृपा करून तळमजल्यावर ठेवा.

आपली,
एक वाचक, चिपळूण