'सोल्युशन' म्हणजे नेमके कोणते?

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्याकडे सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावायच्या नळीलाही सोल्युशन म्हणतात आणि केळीच्या बागेत पीव्हीसीचे पाइप जोडायच्या डब्यालाही सोल्युशनच म्हणतात. या एका शब्दाच्या घोळाचा फटका मला गेल्या मे महिन्यात बसला, म्हणून हे पत्र.

घराच्या पश्चिमेकडील लोखंडी दरवाजाखालून धूळ येते म्हणून मी रबरी पट्टी आणली आणि दुकानात 'रबर चिकटवायचे सोल्युशन' मागितले. दुकानदाराने पाइपाचा डबा पुढे केला; शेतात तोच डबा वर्षानुवर्षे वापरत असल्याने मीही काही न विचारता घेतला. दुसऱ्या दिवशी पट्टी एका टोकाने लोंबू लागली, ओढली तर अख्खी हातात आली आणि तिच्याखालचा ऑइलपेंट सुरकुत्या पडून सुटलेला दिसला. पाइपाच्या सोल्युशनमधील द्रावक पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मुरतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. रबराची गोष्ट वेगळी आहे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या रीतीने, म्हणजे गंधकाबरोबर तापवून, पक्के केलेले रबर द्रावकात फुगते, पण विरघळत नाही. त्यामुळे पाइपाचे सोल्युशन त्यावर वरवर सुकते आणि पापुद्र्यासारखे निघून येते.

मग मी क्षणात चिकटणारी छोटी नळी आणली. तिने रबर धरले, हे मान्य केले पाहिजे; परंतु तो डिंक सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि दरवाजा लावताना पट्टी जिथे दुमडते तिथे तो चार दिवसांत तडकला. न वाकणाऱ्या लहानशा तुकड्यासाठी तो चालतो. चपलेचा तळ, पट्टी, बुटाची घडी अशा सतत हलणाऱ्या जागी सुकल्यावरही लवचिक राहणारा डिंकच हवा.

असा डिंक म्हणजे चपला-बूट शिवणारे कारागीर वापरतात तो पिवळसर, कृत्रिम रबराचा डिंक. सुताराचा पांढरा डिंक नव्हे. तो लाकडासाठी असतो. मात्र हा पिवळा डिंक लावायची रीत न पाळल्यास तोही दगा देतो. नव्या रबरावर बहुधा पांढरी भुकटी असते, ती पुसून पॉलिशपेपरने रबर खरबरीत करावे. लोखंडावरचा सुटलेला रंगही खरवडून काढावा, कारण डिंकाने रंग धरला आणि रंगानेच लोखंड सोडले तर उपयोग काय? दोन्ही बाजूंना पातळ थर लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि बोटाला डिंक लागेनासा झाला की एकदाच जोर देऊन दाबावे. पंक्चरवाला थर सुकेपर्यंत दुसरे चाक खोलायला घेतो, ते उगीच नव्हे. पट्टी ताणून चिकटवू नये, ती नंतर आखडते आणि टोके उघडी पडतात. आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना भर दुपारी हे काम केल्यास वरची साय आधी धरते आणि आत ओल राहते, म्हणून सकाळची वेळ बरी. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ चूल, शेगडी किंवा विडी नसावी. या डिंकाची वाफ पेट घेते.

सगळेच रबर या डिंकाला दाद देत नाही. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचाच डिंक धरतो. पावसाळ्यात काळ्या मातीत घालायचे गमबूट नावाला रबरी, पण बरेचसे पीव्हीसीचे असतात. त्यातील मऊपणा आणणारे तेल हळूहळू डिंकात उतरते आणि सांधा लिबलिबीत होतो, म्हणून त्यांना लवचिक पीव्हीसीसाठीचा वेगळा डिंक मागून घ्यावा. कुकरची रिंग आणि गॅसची नळी यांना तर कोणताही डिंक लावू नये. रिंग तुटली की नवी आणावी. गॅसची सुरक्षा नळी चांगली दिसली तरी पाच वर्षांनी बदलायची असते.

माझी तक्रार एकट्या दुकानदारावर नाही, कारण मीही शब्द मोघमच वापरला होता. मी घेतलेल्या दोन्ही वस्तूंवरील सूचना मात्र इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत होत्या, की चष्मा लावूनही त्या वाचता आल्या नाहीत. उत्पादकांनी डब्यावर 'रबरासाठी', 'पीव्हीसी पाइपासाठी' असे ठळक मराठीत छापावे, थांबण्याची मिनिटे लिहावीत, आणि आपल्या हार्डवेअर दुकानदारांनी सोल्युशन मागणाऱ्याला 'कशाला लावायचे आहे?' एवढे विचारावे, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव