गादीवाल्या चाचांना, खडूच्या तीन खुणांबद्दल

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

परवा लोणारला आमची गाडी मुक्कामाला होती. पहाटे मोर ओरडले आणि मला जाग आली. घड्याळात पाच वाजून गेले होते. रात्री साडेदहाला पाठ टेकली होती, ती थेट पाचला उचलली. कंबर दुखायला लागल्यापासून असं झालं नव्हतं, गाडीत तर नाहीच, घरच्या पलंगावरही नाही. आमचे हे बाहेर शेगडीवर चहा ठेवत होते. मी पडल्या पडल्या रडायला लागले, तर त्यांना वाटलं पुन्हा कळ आली. पातेलं तसंच टाकून धावत आले. मी म्हटलं, काही नाही हो, झोप झाली.

म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे, आणि याचीच मोठ्या अक्षरातली प्रत तुमच्या दुकानावर आणून देईन. तुमची नात मराठी शाळेत जाते, ती वाचून दाखवील.

तुम्हाला आमची सगळी कथा माहीत नाही. तुम्ही विचारलीही नाही. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, बहुतेक उभ्यानंच. निवृत्तीच्या आदल्या वर्षी कमरेच्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरसुद्धा तिला गादीच म्हणतात. आमच्या ह्यांचं मात्र वीस वर्षांपासून एकच स्वप्न होतं, आपली एक गाडी असावी, त्यातच झोपावं, त्यातच खावं, आणि देश पाहावा. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, प्लायवूडचा सहा बाय चारचा पलंग ठोकून घेतला. आता त्यावर फक्त गादी टाकायची होती, आणि तिथंच सगळं अडलं.

शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. पाऊण तास होतो तिथं. त्या पाऊण तासात तो मुलगा माझ्याशी एक वाक्य बोलला नाही. गादी माझ्या कमरेसाठी हवी होती, पण प्रश्न सगळे ह्यांना. सर, बजेट किती? सर, जाडी किती देऊ? मेमरी फोम घ्या सर, नासाचं तंत्रज्ञान आहे. हे खरं आहे, मी नंतर वाचलं. 1966 मध्ये नासासाठी विमानाच्या सीटांकरता हा फोम तयार झाला. पण तो ऊब मिळाली की मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो, हे त्यानं सांगितलं नाही. मी शेवटी म्हटलं, मला जरा रुतल्यासारखं वाटतंय. तर माझ्याकडे न बघता तो ह्यांना म्हणाला, "मॅडमना सवय होईल सर."

जानेवारीत चिखलदऱ्याला गेलो. अकराशे मीटर उंचावर रात्रीची थंडी कशी असते ते तुम्ही जाणता. पहाटे तीनला शोरूममधून घेतलेली ती आठ इंची गादी फळीसारखी झाली होती. कुशीवर वळावं तर खांदा दबायचा, उताणं पडावं तर कंबर अधांतरी. गादी इतकी उंच की उठून बसलं की डोकं छताला लागायचं, त्यामुळे प्रत्येक वेळी वाकूनच उठायचं, आणि माझ्या कमरेला नेमकं तेच चालत नाही. परत आल्यावर गादी उचलली तर खालचं प्लायवूड ओलं आणि त्यावर काळे ठिपके. बुरशीचा वास. गाडीच्या काचा बंद, आत दोन माणसांचा रात्रभरचा श्वास नि घाम, वरून अंगाची ऊब आणि खालून थंडगार पत्रा. पाणी धरणारच. शोरूमला फोन केला तर उत्तर आलं, वॉरंटी घरातल्या पलंगासाठी आहे, गाडीसाठी नाही.

नंतर आणखी दोन ठिकाणी गेलो. एकानं सांगितलं, गाडीत झोपायला गादी कशाला, सतरंजी टाका. दुसऱ्यानं सांगितलं, या वयात हॉटेलात राहावं. मी ह्यांना म्हटलं, गाडी विकून टाका. ते काही बोलले नाहीत. रात्री अंगणात गाडीजवळ बराच वेळ उभे होते.

तुमच्याकडे आलो ते खरं तर उशांसाठी. नागपूरच्या इतवारीत तुमच्या दारापुढे पिंजलेल्या कापसाचा ढीग दिसला आणि मला लहानपण आठवलं. पिंजारी दारावर यायचे, अंगणात पिंजणीच्या ताणलेल्या दोरीचा, तातेचा, ट्यांव ट्यांव आवाज घुमायचा आणि आम्हा पोरांच्या केसांत कापूस. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. 1877 पासून ज्या गावात कापसाची गिरणी चालली, ज्याच्या चहूबाजूंना कापूस पिकतो, त्या गावात आम्हाला कापसाची गादी सुचू नये, याचं आज मला फार वाईट वाटतं.

मी उशी म्हटलं, आणि तुम्ही माझ्या बसण्याकडे पाहिलं. स्टुलावर एका कुशीवर कलून बसले होते. तुम्ही विचारलं, "बाई, कंबर दुखते काय?" गादीचं सगळं ह्यांनी सांगितलं. त्यांनी मापं सांगायला सुरुवात केली तर तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलंत. "साहेब, कंबर बाईची हाय. गादी तुमाले इचारून कशी बनवू?"

गाडी गल्लीत शिरत नव्हती. तुम्ही तुमच्या गुडघ्यांनिशी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आलात, हातात शिंप्याचा खडू. गाडीत आधी तुमच्याकडची एक जुनी पातळ गादी अंथरलीत. मग खडू माझ्या हातात दिलात. "निजून पाहा. जिथं टेकते नाही, जिथं टोचते, तिथं बाजूले निशाणी करा. घाई नोका करू, गादी पाच मिनिटात समजत नाही." दार ओढून घेतलंत आणि बाहेर गाडीकडे पाठ करून उभे राहिलात. ह्यांनाही तसंच उभं केलंत.

चाचा, मी त्या काचेतून तुमची पाठ पाहत होते. घामानं भिजलेला सदरा, त्यावर कापसाचे तंतू चिकटलेले. एप्रिलचं ऊन, बारा वाजलेले. मागून ऑटोवाले हॉर्न वाजवत होते आणि तुम्ही हातानंच त्यांना बाजूनं जायला सांगत होता, मान वळवून एकदाही गाडीकडे न पाहता. वीस मिनिटं. मी अनोळखी ठिकाणी, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या आडवी पडले होते आणि मला जराही संकोच वाटला नाही. मी तीन खुणा केल्या, खांद्याशी एक, कमरेशी एक, गुडघ्यांखाली एक. दीड वर्ष मी सगळ्यांना दुखणं सांगत होते. ते कुठं आहे, हे दाखवायला माझ्या हातात कोणी काही दिलं नव्हतं.

पुढचं सगळं तुमच्या कसबाचं. तीन इंची गादी, 12 किलो कापूस, गादीपाटाची खोळ. तीन तुकडे केलेत, पण सारखे नाही. पहिला लांब, डोक्यापासून मांडीच्या अर्ध्यापर्यंत, म्हणजे सांधा कमरेखाली येऊ नये. कमरेच्या खुणेजवळ कापूस थोडा जास्त ठासलात आणि दाभणाचे टाके जवळजवळ घातलेत, खांद्याच्या खुणेशी लांब लांब. प्लायवूडला भोकं पाडून घ्यायला लावलंत आणि वर काथ्याची चटई. "गादीलेबी श्वास लागते, बाई." सकाळी गाडी थांबली की प्रत्येक तुकडा मी एकटी उचलून उन्हात टाकू शकते. सावरीच्या कापसाची उशी वेगळी. पांघरायला एक जाड रजई घेऊ नका, दोन पातळ घ्या, गरम झालं की एक काढता येते, हेही तुम्हीच सांगितलंत. वरची आता माझ्या आईच्या लुगड्याची गोधडी आहे.

मजुरी तुम्ही सांगितली तेवढी घेतलीत, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. मला ते आवडलं. महिन्यानं या, कापूस दबन, पाहून देतो म्हणालात, आणि महिन्यानं खरंच पाहून दिलंत.

माणसाला विचारणं किती सोपं असतं, चाचा. ज्याचं दुखतं त्यालाच विचारायचं. त्याला शिक्षण लागत नाही, शोरूम लागत नाही, एसी लागत नाही. मी इतकी वर्षं वर्गात मुलांना आदर करायला शिकवलं, फळ्यावर सुविचार लिहिले. उन्हात पाठ करून उभं राहणं हाही आदर असतो, हे मला मुलांना सांगायला हवं होतं. आता भेटणाऱ्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला सांगते.

मागच्या महिन्यात सुतार पलंगाच्या कडेवर सनमायका लावायला आला होता. मी त्याला ती कड सोडायला लावली. खुणा अजून आहेत. कमरेजवळची जरा पुसट झाली आहे, रोज हात लागतो.

कोजागिरीनंतर समृद्धीनं मुंबईकडे आणि तिथून कोकणात उतरायचं ठरतंय. निघण्याआधी गाडी घेऊन येते. मधल्या तुकड्याचा एक टाका सैल झाला आहे. ह्यांनी घरी दोरा घालायला काढला होता, मी हात लावू दिला नाही. या वेळी गल्लीच्या तोंडाशीच थांबू, तुम्ही चालत येऊ नका, तुकडा मीच उचलून आणीन.

तुमची,
टेम्पोवाली बाई